कोणती गाडी आली हो?



आज आपल्याशी बोलायचं आहे ते एका साध्या प्रश्नाबद्दल. ‘कोणती गाडी आली हो?’ बसथांब्यावर उभ्या असलेल्या एखाद्या दृष्टिहीन माणसाच्या तोंडून हा प्रश्न आपण कधी ना कधी ऐकला असेल. उत्तर देणारी माणसं भली असतात. कुणी नंबर सांगतं, कुणी हाताला धरून गाडीत चढवून देतं, कुणी कंडक्टरला ‘यांना अमुक ठिकाणी उतरवा बरं का’ असं बजावूनही जातं. या भलेपणाच्या आधारावर माझी नोकरीची एकतीस वर्षं पार पडली, हे मी मनापासून सांगते.

पण एकदा सहज हिशेब केला. घरातून निघून कचेरीच्या टेबलाशी पोचेपर्यंत आणि तिथून परत येईपर्यंत मला रोज दहा-बारा वेळा कुणाला तरी काहीतरी विचारावं लागे. रस्ता मोकळा आहे का? गाडी कोणती? दार पुढे आहे की मागे? स्टॉप आला का? दिवसाला बारा म्हटलं तर वर्षाला तीन हजार प्रश्न झाले. माझ्या शेजारी बसणारी डोळस मैत्रीण हाच प्रवास एक अक्षरही न बोलता करायची. हा फरक तंत्रज्ञानानं मिटू शकतो का, आणि मिटू शकत असेल तर तो अजून शिल्लक का आहे, हा आजच्या बोलण्याचा विषय.

माझी दृष्टी विशीत हळूहळू गेली. डोळ्यांच्या पडद्याचा आनुवंशिक विकार होता. बँकेत मी टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागले, कारण त्या काळी आमच्यासारख्यांसाठी बँकांमध्ये बहुधा तीच जागा असायची. पुढे संगणक आले आणि त्यांच्या पाठोपाठ पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी सॉफ्टवेअर आली. सुरुवातीला ती फार महाग होती. २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या दृष्टिहीन तरुणानं ‘एनव्हीडीए’ नावाचं असं सॉफ्टवेअर तयार करायला घेतलं. जेम्स तेह हा त्याचा मित्रही दृष्टिहीनच, तोही त्याला येऊन मिळाला. त्यांनी ते सगळ्यांना फुकट दिलं. त्याला जोडता येणारा मोफत आवाज मराठीही बोलतो, जरा यंत्रासारखा, पण समजेल असा. ऑपरेटरच्या खुर्चीवरून उठून मी पत्रव्यवहाराच्या टेबलावर बसले ती अशा सॉफ्टवेअरमुळे. तेव्हा तंत्रज्ञानाबद्दल माझ्या मनात अढी नाही. उलट त्यानं पोट भरलेलं आहे.

टेबलापाशी माझी अडचण अशी सुटली, पण टेबलापर्यंत पोचण्याची अडचण राहिलीच. घरातला किंवा कचेरीतला संगणक माझ्या एकटीचा असतो आणि मी तो माझ्या सोयीनं लावून घेऊ शकते. रस्ता, थांबा, स्टेशन, टपाल कचेरी, बाग, नाट्यगृह या जागा सगळ्यांच्या असतात, म्हणजे त्या लावून घेणं माझ्या एकटीच्या हातात नसतं. ते काम नगरपालिकेनं, रेल्वेनं, बसवाल्यांनी आणि इमारत बांधणाऱ्यानं करायचं असतं.

हे काम किती जणांसाठी करायचं? २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यातले सुमारे २९ लाख ६३ हजार एकट्या महाराष्ट्रातले. आता आम्हाला ‘दिव्यांग’ म्हणतात. शब्द बदलला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र कचेरीच्या दारातल्या तीन पायऱ्या नवा शब्द ऐकून खाली बसत नाहीत. शिवाय या आकड्यात गुडघे दुखणारे आजोबा, पोटुशी बाई, पाय प्लास्टरमध्ये असलेला कॉलेजचा मुलगा धरलेले नाहीत. अडचण त्यांचीही तीच असते.

आता पाहू या, जगात काय काय झालेलं आहे.

रस्त्यापासून सुरुवात करू. स्टेशनात आणि फुटपाथवर पिवळ्या रंगाच्या उठावदार फरश्या तुम्ही पाहिल्या असतील. लांब रेघा असलेली फरशी सांगते, ‘सरळ चला’. गोल टिकल्या असलेली सांगते, ‘थांबा, पुढे काहीतरी आहे’. ही फरशी जपानमधल्या सेइची मियाके यांनी १९६५ साली शोधली आणि १९६७ साली ओकायामा शहरात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर ती पहिल्यांदा बसली. तिला वीज लागत नाही, बॅटरी लागत नाही. तरीही मी तिला हुशार तंत्रज्ञानच म्हणेन, कारण पायाच्या तळव्याला किंवा काठीच्या टोकाला ती बरोबर निरोप देते.

चौकात आलो. जपानमध्ये चालणाऱ्यांचा हिरवा दिवा लागला की सिग्नलमधून पक्ष्यांचे आवाज येतात. एका दिशेला कोकिळेसारखा, दुसऱ्या दिशेला पिल्लाच्या चिवचिवाटासारखा. आवाजावरून कोणता रस्ता मोकळा झाला ते कळतं. ब्रिटनमध्ये अनेक सिग्नलांवर बटणाच्या पेटीखाली एक छोटा खाचांचा शंकू असतो. दिवा हिरवा झाला की तो बोटाखाली फिरू लागतो. ज्याला दिसत नाही आणि ऐकूही येत नाही, अशा माणसालाही तो रस्ता ओलांडू देतो. सिंगापूरमध्ये २००९ पासून काही चौकांत वृद्धांना आणि अपंगांना आपलं सवलतीचं कार्ड सिग्नलच्या खांबाला लावता येतं. कार्ड लावलं की हिरवा दिवा ३ ते १३ सेकंद जास्त राहतो. आपल्याकडे रस्त्याच्या मधोमध अडकलेल्या आजी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या सेकंदांची किंमत कळेल.

आता थांबा. माझ्या प्रश्नाचं उत्तर आपल्याच देशात तयार झालेलं आहे. दिल्लीच्या आयआयटीतल्या प्राध्यापक बालकृष्णन आणि प्राध्यापक राव यांच्या गटानं ‘ऑनबोर्ड’ नावाचं यंत्र बनवलं. त्याचे दोन भाग. एक मुठीत मावेल असा, प्रवाशाच्या हातात. दुसरा बसमध्ये. गाडी थांब्यावर आली की प्रवाशानं बटण दाबायचं. जवळच्या गाड्यांचे नंबर ऐकू येतात. आपली गाडी निवडली की त्या गाडीच्या दाराजवळच्या भोंग्यातून आवाज येतो, म्हणजे दार कुठे आहे तेही कळतं. दिल्लीत आणि मुंबईत बेस्टच्या काही गाड्यांवर त्याच्या चाचण्या झाल्या. याच गटानं केलेली ‘स्मार्टकेन’ २०१४ साली बाजारात आली. साध्या पांढऱ्या काठीवर ते यंत्र बसतं. जमिनीवरचा खड्डा काठीला लागतो, पण छातीच्या उंचीवर आलेली फांदी किंवा उभ्या ट्रकचं मागचं फळकूट लागत नाही. हे यंत्र वटवाघळासारखे ध्वनितरंग सोडतं आणि पुढे अडथळा असला की मूठ थरथरते. कपाळावर खोक पडलेली माझ्या ओळखीची बरीच मंडळी आहेत. त्यांना विचारा, या थरथरीचं मोल काय आहे ते.

मुंबईच्या लोकलचं उदाहरण तर तुमच्या रोजच्या कानावरचं आहे. ‘पुढील स्टेशन दादर’ ही डब्यातली घोषणा. गर्दीत खिडकीबाहेरचं काही दिसत नाही, तेव्हा ती डोळस प्रवाशालाही हवी असते. डब्यातली अक्षरांची पट्टी बहिऱ्या प्रवाशाला हवी असते आणि कानात गाणी लावून बसलेल्या तरुणालाही. एकाच्या अडचणीसाठी केलेली सोय शंभर जण वापरतात. चाकाच्या खुर्चीसाठी केलेल्या उतारावरून बाबागाडीही जाते आणि प्रवासी बॅगही.

आणि आता हातातला फोन. २००९ पासून स्पर्शपडद्याचे फोन बोलू लागले. २०१५ साली डेन्मार्कमध्ये एक सेवा सुरू झाली. दृष्टिहीन माणसानं फोनचा कॅमेरा समोर धरायचा आणि दूर कुठेतरी बसलेल्या स्वयंसेवकानं समोर काय आहे ते सांगायचं. २०२३ पासून हेच वर्णन कृत्रिम बुद्धिमत्ताही करू लागली. आपल्या रिझर्व्ह बँकेनं २०२० च्या १ जानेवारीला ‘मनी’ नावाचं ॲप दिलं. नोट कॅमेऱ्यासमोर धरली की ती किती रुपयांची ते सांगतं, तेही इंटरनेटशिवाय. स्पेनमध्ये रंगीत चौकटींची एक खूण निघाली आहे. ती फोनला लांबून, नेम न धरताही वाचता येते. बार्सिलोनात मेट्रो स्टेशनांवर आणि बसथांब्यांवर ती लावलेली आहे. बर्लिनच्या मंडळींनी २०१० साली एक नकाशा सुरू केला. कोणत्या जागी चाकाची खुर्ची जाते आणि कुठे जात नाही, हे त्यावर कुणीही नोंदवू शकतं.

म्हणजे युक्त्यांना तोटा नाही. मग माझे वर्षाचे तीन हजार प्रश्न कमी का झाले नाहीत?

पहिलं कारण असं की आपण साखळीतली एखादीच कडी घडवतो. २००१ च्या जानेवारीतली एक गोष्ट सांगते. शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग भारतात आले होते. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या परिषदेला आले आणि मग दिल्लीला गेले. त्यांची खुर्ची विजेवर चालायची, त्यांच्यासाठी संगणक बोलायचा. इतकी हुशार खुर्ची त्या काळी जगात क्वचितच दुसरी असेल. पण दिल्लीतली स्मारकं पाहायची तर त्या खुर्चीला पायऱ्या चढता येईनात. अपंगांच्या चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी आवाज उठवला आणि कुतुबमिनार, जंतरमंतर अशा ठिकाणी लाकडी उतार बसवले गेले, तात्पुरते. जगातलं सगळं संगणकशास्त्र त्या दिवशी सुताराच्या फळीसाठी थांबलेलं होतं. आजही ते तसंच आहे. फोन मला सांगतो, ‘पन्नास मीटर सरळ चला’. पण त्या पन्नास मीटरांत उघडं गटार, दोन दुचाक्या आणि पाणीपुरीची गाडी असेल, तर फोनचं ऐकणं धोक्याचं असतं. पिवळ्या फरश्यांची रांग झाडाच्या बुंध्यात जाऊन संपलेली मी स्वतः चालून पाहिलेली आहे. ज्यानं ती बसवली त्याला त्या रेघांचा अर्थ कुणी सांगितला नव्हता. त्याच्या लेखी ती नक्षी होती.

दुसरं कारण देखभालीचं. बोलकं एटीएम घ्या. देशातलं असं पहिलं यंत्र युनियन बँकेनं २०१२ साली अहमदाबादेत बसवलं. २०१४ च्या १ जुलैपासून बसणारं प्रत्येक नवं एटीएम बोलकं आणि ब्रेल कळांचं हवं, असं रिझर्व्ह बँकेनं सांगितलं. कानाला लावायची वायर खोचली की यंत्र फक्त आपल्याशी बोलतं. त्यापूर्वी आम्ही काय करत होतो ठाऊक आहे? पहारेकऱ्याला किंवा रांगेतल्या अनोळखी माणसाला कार्ड देत होतो आणि गुप्त आकडा त्याच्या कानात सांगत होतो. बँकेत नोकरी करणारी मी, खातेदारांना ‘पिन कुणाला सांगू नका’ अशी पत्रं पाठवणारी, स्वतःचा पिन मात्र असा सांगत होते. दुसरा मार्गच नव्हता. हे थांबलं तो दिवस माझ्यासाठी मोठा होता. पण आमच्या घराजवळच्या एका यंत्राचं वायर खोचायचं भोक कुणीतरी च्युइंगगमनं बुजवलं, आणि आठ महिने ते तसंच राहिलं. यंत्र पैसे देत होतं, त्यामुळे कागदोपत्री ते चालू होतं. माझ्यापुरतं ते बंद होतं, पण त्याची नोंद करायला रकानाच नव्हता.

तिसरं कारण जरा विचित्र आहे. नवं तंत्रज्ञान जुनी सोय काढूनही घेतं. लिफ्टला पूर्वी उठावदार बटणं असत. बोटांनी मोजून मी मजला गाठायची. आता गुळगुळीत काच असते. बहिणीला भेटायला एका मोठ्या रुग्णालयात गेले, तेव्हा लिफ्टमध्ये एकटी असून मी चार मजले वरखाली फिरत राहिले, कारण कुठे बोट ठेवू तेच कळेना आणि लिफ्ट बोलत नव्हती. दुकानातलं कार्डाचं यंत्र आता सपाट काचेचं आलं, म्हणजे पिन पुन्हा दुसऱ्याला सांगणं आलं. विजेवरच्या गाड्या धूर सोडत नाहीत ही आनंदाची गोष्ट, पण त्या आवाजही करत नाहीत आणि आम्ही रस्ता कानांनी ओलांडतो. युरोपात २०२१ पासून प्रत्येक नव्या विजेच्या मोटारीनं कमी वेगात असताना ठरावीक आवाज काढलाच पाहिजे, असा नियम आहे. बँकेत खातं उघडताना कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावून दाखवा, असं यंत्र सांगतं. ज्यांचे डोळे ॲसिडहल्ल्यात गेले, त्यांनी काय मिचकावायचं? अशा पीडित व्यक्ती आणि एक दृष्टिहीन नागरिक सर्वोच्च न्यायालयात गेले. २०२५ च्या ३० एप्रिलला न्यायालयानं निकाल दिला, की डिजिटल सेवा मिळणं हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे आणि ओळख पटवण्याची पद्धत सगळ्यांना जमेल अशीच हवी.

कायद्याचा विषय निघालाच आहे, तर तेही सांगते. चौकातल्या सिग्नलला दृष्टिहीनांसाठी आवाज असावा, फलाटाच्या कडेला पायाला कळेल अशी खूण असावी, हे आपल्या १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात लिहिलेलं होतं. पण त्याला एक शेपूट होतं. ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’. या चार अक्षरी ‘मर्यादेत’मध्ये वीस वर्षं निघून गेली. २०१६ साली नवा कायदा आला. सार्वजनिक इमारती पाच वर्षांत सुगम करा, असं त्यात सांगितलं. नियम जून २०१७ मध्ये निघाले, म्हणजे मुदत २०२२ साली संपली. २०२४ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानं बजावलं, की सुगमतेचे निकष ‘जमलं तर करा’ अशा शिफारशीच्या स्वरूपात ठेवता येणार नाहीत, त्यातले काही किमान निकष बंधनकारक करावे लागतील. मला या निकालातली बंधनकारक ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. उपकार आज होतो, उद्या होत नाही. बंधन असलं की बांधणाऱ्याला नकाशा काढतानाच त्याचा विचार करावा लागतो. आणि आधीच विचार केला तर खर्चही फारसा वाढत नाही. महाग पडते ती नंतरची तोडफोड.

२०१५ ते २०२५ या दहा वर्षांत देशात १०० शहरांसाठी स्मार्ट सिटी अभियान चाललं. आपलं पुणे आणि सोलापूर पहिल्या वीस शहरांत होतं. पडदे लागले, कॅमेरे लागले, नियंत्रण कक्ष झाले. काही रस्त्यांवर रुंद, सपाट फुटपाथही झाले आणि त्यांवरून चालताना मला खरोखर बरं वाटतं. पण शहर हुशार झालं की नाही, याची परीक्षा माझ्या मते फार सोपी आहे. चाकाच्या खुर्चीवरचा माणूस, पांढरी काठी घेतलेला माणूस आणि ऐकू न येणारा माणूस अशा तिघांना एका सकाळी घराबाहेर पाठवा. त्यांना टपाल कचेरीत जाऊन, काम करून, जेवायच्या वेळेला घरी परतू द्या. वाटेत किती वेळा मदत मागावी लागली, ते त्यांनी मोजावं. तो आकडा म्हणजे शहराचे गुण. जितका कमी, तितकं शहर हुशार. ही परीक्षा उद्घाटनाच्या आधी घेतली, तर झाडात संपणाऱ्या फरश्या वेळेवर सापडतील.

श्रोतेहो, तुम्ही म्हणाल, यात आम्ही काय करणार? करण्यासारखं पुष्कळ आहे. तुमच्या सोसायटीची लिफ्ट बदलायची असेल, तर उठावदार बटणांची आणि मजला बोलून सांगणारी मागा. दुकानाच्या दारात एक पायरी असेल, तर तिथे उतार करा. एक वीत उंचीसाठी बारा वीत लांबी, इतकंच गणित लक्षात ठेवा. पिवळ्या फरशीवर गाडी लावू नका आणि लावलेली दिसली तर हटकायला लाजू नका. दुर्गम जागेचा फोटो काढून तक्रार पाठवता यावी म्हणून केंद्र सरकारनं २०२१ साली ‘सुगम्य भारत’ हे ॲप काढलं, त्याची माहिती आपल्या ओळखीच्या अपंग व्यक्तीला द्या. पुणेकरांनो, महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी नागरिकांच्या सूचना मागवण्याची पद्धत आपल्याकडे २००६ पासून सुरू झाली. तिथे आपण बाकं आणि दिवे मागतो. आपल्या चौकासाठी एक बोलका सिग्नलही मागून पाहा.

आणि बसथांब्यावर आमच्यापैकी कुणी दिसलं, तर गाडीचा नंबर जरूर सांगा. फक्त हाताला धरण्याआधी ‘मदत हवी का?’ एवढं विचारा. यंत्रं येतील तेव्हा येतील, तोवर आम्हाला तुमची गरज आहेच. ती आल्यावरही आम्ही तुमच्याशी बोलूच. तेव्हा मात्र गाडीचा नंबर विचारायला नको, हवापाण्याच्या, भाजीच्या भावाच्या गप्पा मारता येतील.



(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)